अनुभव धागा : आठवणी, प्रेरणा, निवडी – स्वतःला ओळखायला नक्की बसायचं कसं?

केवडा
कपाट आवरताना एक जुनी वही हाती लागली आणि वाटलं, हा धागा काढायलाच हवा. इथे नेमाने डायरी लिहिणारे आहेत, समुपदेशन करणारे आहेत, घरातल्या ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणारेही आहेत. 'स्वतःला ओळखा' असं सगळेच सांगतात. पण कागद पुढ्यात घेऊन काय लिहायचं, किती वेळ, कुठे घसरतं, हे कोणी सांगत नाही. ते सांगा. किस्से दुसऱ्या धाग्यावर भरपूर आहेत, इथे कृती लिहा.

सुरुवात करते. आठवण हुकमी येत नाही, तिला निमित्त लागतं. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संशोधकाने १८७९ मध्ये ७५ शब्द वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहिले, एकेक शब्द पाहून मनात काय येतं ते टिपलं, आणि साधारण महिन्याच्या अंतराने तोच फेरा चारदा केला. पुष्कळशा कल्पना त्याच त्याच पुन्हा आल्या आणि त्यांतल्या बऱ्याच लहानपणच्या होत्या. घरी करायला २० चिठ्ठ्या पुरतात. शब्द साधे घ्या: जिना, कात्री, शिट्टी, दार, ताप, पाऊस. 'प्रेम', 'यश', 'स्वातंत्र्य' नको, कारण अशा शब्दांवर आठवण येत नाही, मत येतं. चिठ्ठी उघडली की डोळ्यांपुढे येणारी पहिली एकच घटना घ्या. 'आम्ही नेहमी जायचो' चालणार नाही, एका दिवशीची हवी. तीन ओळी: कुठे, कोण, काय झालं. एका चिठ्ठीवर पाच मिनिटांच्या वर थांबू नका. महिन्याने त्याच चिठ्ठ्या पुन्हा, आधीचा कागद न बघता. दोन्ही वेळा जे आलं, त्याखाली रेघ ओढा. पुढचं काम त्या रेघ ओढलेल्या आठवणींवर करायचं.

रानवारा
चिठ्ठ्या उत्तम. पण ज्यांना शब्दांनी काहीच सुचत नाही त्यांच्यासाठी घराचा नकाशा. राहिलेलं पहिलं घर आठवून कोऱ्या कागदावर पेन्सिलीने काढायचं. चित्रकला यायची गरज नाही, चौकोन पुरेत. क्रम महत्त्वाचा: आधी बाहेरचं दार, मग चपला कुठे असायच्या, मग खिडक्या आणि उजेड कुठून यायचा, मग कोण कुठे बसायचं. शेवटी एक खूण करायची, जिथे स्वतः सगळ्यात जास्त वेळ असायचो तिथे. आणि फुलीची खूण जिथे जायला नको वाटायचं तिथे. या दोन खुणांवर अर्धा तास सहज लिहून होतं. घाईत सगळं घर एका बैठकीत काढू नका, एका दिवशी एकच खोली.

बकुळ
अगदी अगदी. कपाटाचं दार कुठल्या बाजूला उघडायचं इथपर्यंत आठवतं नकाशात.

तिसरी_घंटा
समुपदेशनाच्या बाजूने एक कळकळीची विनंती. आठवण लिहून झाली की लगेच 'मी असं का केलं' विचारू नका. 'का'ला मन उत्तर देतंच, आणि ते उत्तर बऱ्याचदा तिथल्या तिथे जुळवलेलं असतं. निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांचा १९७७ चा लेख या बाबतीत फार बोलका आहे. चार अगदी एकसारखे पायमोजांचे जोड ओळीने मांडून लोकांना सगळ्यात चांगला निवडायला सांगितलं. सगळ्यात जास्त लोकांनी उजव्या टोकाचा निवडला. कारण विचारल्यावर जागेचं नाव कोणीही आपणहून काढलं नाही, पोत, वीण असलं सांगितलं. लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

म्हणून 'का'ऐवजी हे विचारा: त्या वेळी काय काय समोर होतं? त्यातलं काय घेतलं, काय सोडलं? सोडताना शरीरात काय जाणवलं? कोणाला सांगितलं आणि कोणाला सांगायचं टाळलं? शेवटचा प्रश्न सोडू नका. ज्याच्यापासून आपण निर्णय लपवला, त्याच्या मताचं वजन आपल्यावर सगळ्यात जास्त असण्याची शक्यता बरीच असते. असे आठ-दहा निर्णय ओळीने लिहिले की तेच एक-दोन चेहरे पुन्हा दिसू लागतात. स्वतःची ओळख तिथून सुरू होते, विशेषणांच्या यादीतून नाही.

मोरपंखी_९
विशेषणांवरून आठवलं, ते 'तुमचे पाच गुण आणि पाच दोष लिहा' शाळेत द्यायचे, त्याचा उपयोग असतो का हो कुणाला?

तिसरी_घंटा
मोरपंखी, गुणाशेजारी घटना लिहिली तर असतो. 'चिकाटी' लिहिलं की शेजारी गेल्या वर्षातला एक प्रसंग आणि तारीख लिहायची. नसेल तर शब्द खोडायचा. अर्धे शब्द गळतात.

केवडा
हे फार आवडलं. प्रेरणांचं कोणी लिहील का? तिथेच सगळे मोघम होतात.

अक्षरगाठ
प्रेरणांसाठी दोन रकाने करायचे. डावीकडे ज्यांच्याबद्दल आदर वाटतो अशा पाच व्यक्ती, ओळखीच्या किंवा इतिहासातल्या कोणत्याही. उजवीकडे त्यांचं वर्णन नाही, त्यांनी केलेली एक कृती. 'थोर होते' नको. 'भर सभेत आपलं विधान मागे घेतलं' हवं. पाचही कृती लिहून झाल्या की व्यक्तींची नावं झाका आणि फक्त कृती वाचा. बहुधा त्यांतल्या तीन एकाच जातीच्या निघतात: कुणाला नाही म्हणणं, एकटं उभं राहणं, हातातलं काम तडीस नेणं, शिकवणं. आपली ओढ तिकडे.

मग दुसरं पान, हेवा वाटणाऱ्यांचं. हे पान कुणाला दाखवायचं नाही, तरच खरं लिहिलं जातं. आदर आणि हेवा दोन्हीकडे एकच कृती आली तर तिच्याकडे गंभीरपणे बघा. आदराच्या पानावर समाजाने शिकवलेलं बरंच येतं, हेव्याच्या पानावर ते कमी येतं. माझ्या मते दुसरं पान जास्त विश्वासाचं.

चूक कुठे होते: लोक व्यक्तीचा व्यवसाय बघतात आणि 'मलाही तेच करायचं' असं ठरवतात. वादक आवडतो म्हणजे वाद्य शिकायचं असं नाही. त्याचं रोज ठरल्या वेळी बसणं आवडत असेल.

दुपारची_वेळ
कुकर लावून वाचतेय, शिट्ट्या मोजायच्या राहिल्या 😄 हेव्याचं पान आजच लिहिणार. वही कुठली घ्यावी? सुटे कागद हरवतात.

रानवारा
शिवलेली वही, एका बाजूलाच लिहायचं. समोरचं पान कोरं ठेवायचं, नंतरच्या नोंदींसाठी. ते कोरं पान फार कामाचं आहे, खालचं वाचा.

वर्षांनी तीच आठवण पुन्हा लिहावीशी वाटते आणि ती वेगळी निघते. तेव्हा जुनं खोडायचं नाही, कोऱ्या पानावर नवी नोंद, तारखेसकट. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान कोसळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नायसर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांकडून 'बातमी कुठे, कशी कळली' हे लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं तर अनेकांचं उत्तर पार बदललेलं, आणि खात्री मात्र पक्की. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद दाखवूनही त्यांची मूळ आठवण परत आली नाही. आठवण बदलते हा तिचा स्वभावच आहे. आपल्या कामाच्या दृष्टीने बदल हीच माहिती: जुन्या नोंदीत नसलेला माणूस नव्या नोंदीत का शिरला? जो आधी होता तो कुठे गेला?

नीलमोहर
तारखा आठवतच नाहीत त्याचं काय करावं? सगळं 'त्या सुमारास' होतं माझं.

रानवारा
सगळ्यांचंच होतं, नीलमोहर. वागेनार या मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षं स्वतःच्या दैनंदिन घटना काय, कोण, कुठे, कधी अशा चार भागांत टिपल्या आणि मग एकेक भाग वाचून बाकीचं आठवतं का ते पाहिलं (१९८६ मध्ये छापलं). 'काय' वाचून सगळ्यात जास्त आठवलं, 'कधी'चा उपयोग जवळजवळ शून्य. तेव्हा तारखेपाशी अडून बसू नका. इयत्ता, राहतं घर, नोकरी, कुणाचा जन्म, असे खांब रोवायचे आणि घटना दोन खांबांच्या मध्ये ठेवायची. आडवी रेघ, दर पाच वर्षांना एक खूण. दहा ते तीस या वयातली गर्दी जास्त दिसेल, चाळिशीपुढच्या माणसांत ती नेहमीच दिसते. म्हणून नंतरची वर्षं रिकामी गेली असा निष्कर्ष काढू नका. तिथे मुद्दाम चिठ्ठ्या वापरून खोदा.

बकुळ
'रिकामी वर्षं' वाचून जरा हायसं वाटलं. धन्यवाद.

हिशेबनीस
निवडींबद्दल. जुन्या निवडी आठवून तपासण्यापेक्षा आजपासून निर्णयवही ठेवा, ती जास्त सच्ची निघते. निकाल कळला की 'मला आधीच वाटलं होतं' असं मन म्हणायला लागतं. मानसशास्त्रज्ञ फिशहॉफ यांनी १९७५ मध्येच हे दाखवून दिलं. त्यावर उपाय एकच, निकालाआधीची नोंद.

एका निर्णयाला एक पान. वर तारीख आणि वेळ. मग निर्णय एका वाक्यात. मग नाकारलेले पर्याय, किमान दोन. दुसरा पर्याय लिहिता येत नसेल तर तो निर्णय नव्हता, आलेलं निमूट घेतलं होतं. मग काय होईल असं वाटतं ते शक्यतेच्या आकड्यासकट: 'सहा महिन्यांनी इथेच असेन, ७० टक्के'. आकडा लिहायचा कंटाळा येतो, पण 'बहुतेक' या शब्दाचा नंतर हवा तसा अर्थ लावता येतो, ७०चा नाही. शेवटची ओळ त्या वेळच्या अवस्थेची: झोप झाली होती का, भूक, राग, कुणाशी नुकतं बोलणं. पानाच्या कोपऱ्यात परत उघडायची तारीख. तोवर पान स्टेपल करून टाका.

रोजचे बारीक निर्णय नकोत, वही आठवड्यात बंद पडते. महिन्याला दोन-तीन पुरेत. आणि पान उघडाल तेव्हा निकाल चांगला की वाईट हे आधी बघू नका. आधी अवस्थेची ओळ बघा. बारा-पंधरा पानांनंतर तिथेच काहीतरी ठसठशीत दिसतं, उदाहरणार्थ घाईतले सगळे निर्णय एकाच माणसाच्या फोननंतरचे.

अक्षरगाठ
हिशेबनीस, थोडं असहमत. आवडीनिवडीच्या बाबतीत कारणं लिहिल्याने नुकसानही होतं. विल्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा प्रयोग बघा: पोस्टर निवडण्याआधी ज्यांना कारणं लिहायला लावली, ते काही आठवड्यांनी आपल्या निवडीवर कमी खूश होते. सांगायला सोपं असतं ते कारण वरचढ ठरतं.

हिशेबनीस
मान्य. म्हणून पानावर 'कारणे' असा रकानाच नाही, बघा. पर्याय, अंदाज, अवस्था. चित्र, कपडा, छंद यांना निर्णयवही लावूच नये.

नीलमोहर
दुखऱ्या आठवणी लिहिताना हात थांबतो. पुढे ढकलावं का?

तिसरी_घंटा
नीलमोहर, जपून. यासाठी मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांची पद्धत सगळ्यात तपासलेली आहे. १९८६ च्या मूळ प्रयोगात रोज १५ मिनिटं, ओळीने चार दिवस. गजर लावायचा, व्याकरण-शुद्धलेखन सोडायचं, हात थांबवायचा नाही. सुचेनासं झालं तर शेवटचं वाक्य पुन्हा लिहायचं. घटना आणि भावना दोन्ही हव्यात, नुसती घटना किंवा नुसता आक्रोश नको. लिहून उठल्यावर थोडा वेळ उदास वाटतं, ते अपेक्षित आहे. म्हणून झोपण्याआधी किंवा कामावर निघताना बसू नका, पुढे अर्धा तास मोकळा ठेवा. कागद फाडून टाकला तरी चालतो.

थांबायची खूण: लिहिताना आपण कोसळू असं वाटलं तर तो विषय सोडायचा, दुसरा घ्यायचा. घाव ताजा असेल तर आत्ता नकोच. चार दिवसांनंतरही तेच वाक्य त्याच शब्दांत येत असेल, झोप उडाली असेल, तर ते उगाळणं झालं. वही मिटा आणि समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोला. यात काही कमीपणा नाही. तुम्ही विचारलंत हे बरं केलंत.

मोरपंखी_९
नीलमोहर, 🤗

दुपारची_वेळ
थोडं अवांतर. जुने फोटो घेऊन बसायचं म्हणते, मागे नावं लिहू का? बॉलपेन चालेल?

आठवणपेटी
बॉलपेन नको! दाबाने पुढे वळ उमटतो आणि शाई कधीकधी दुसऱ्या फोटोला लागते. कागदी पाठ असेल तर मऊ पेन्सिल, फोटो कडक सपाट पृष्ठभागावर ठेवून, कडेला, हलक्या हाताने. गुळगुळीत प्लास्टिकची पाठ असेल तर पेन्सिल उमटत नाही, तिथे फोटोसाठीचा शाईचा पेन घ्या आणि पूर्ण वाळल्याशिवाय एकावर एक ठेवू नका. चिकट पानांच्या जुन्या अल्बममध्ये फोटो ठेवू नका, डिंकाने पिवळे पडतात. निघत नसेल तर ओढू नका, आहे त्या पानावरच स्कॅन करा, ६०० डीपीआय (स्कॅनच्या बारकाईचं माप) पुरे.

आणि स्वतःला ओळखायचं म्हणून फोटो बघत असाल तर आधी आठवण लिहा, मग फोटो उघडा. उलट केलंत तर फोटोच आठवण होऊन बसतो.

दुपारची_वेळ
हे माहीतच नव्हतं. आईच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करायच्यात, त्याचंही सांगा ना.

आठवणपेटी
फोन विमान-मोडवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, टेबलावर घडी घातलेल्या रुमालावर ठेवा, टेबलाचा आवाज येत नाही. पंखा बंद. सुरुवातीला तारीख, दोघींची नावं मोठ्याने बोला. ४० मिनिटांवर नेऊ नका, थकतात. 'तुझ्या आयुष्याबद्दल सांग' असं विचारलं की दोन वाक्यांत संपतं. 'शाळेत जायची वाट कशी होती' विचारा. त्या थांबल्या की मनात दहापर्यंत मोजा, मध्ये बोलू नका, खरं बोलणं त्या शांततेनंतर येतं. चुकीचं सांगितलं तरी दुरुस्त करू नका. त्याच दिवशी फाइलला तारीख-नाव-विषय असं नाव देऊन आणखी दोन ठिकाणी प्रत ठेवा, त्यातली एक घराबाहेर.

दुपारची_वेळ
रुमाल, पंखा, शाळेची वाट. लिहून घेतलं. रविवारी बसतोय दोघी.

केवडा
आठवणपेटी, तुमचा वेगळा धागाच काढा फोटो आणि ध्वनिमुद्रणाचा, तिथे प्रश्न विचारते. रानवारा, नकाशाला चौकटीचा कागद घ्यावा की कोरा?

रानवारा
कोराच. चौकटीवर लोक मापं जुळवत बसतात. माप चुकलेली खोली तशीच राहू द्यायची. जी खोली कागदावर नको इतकी मोठी येते, तिच्यावर आधी लिहायचं.