वृद्धाश्रमाच्या इमारतीसाठी निधी : पेटी, पावती आणि लंडनची मंडळी

प्रश्न (कॅम्पकर)
आमच्या धर्मग्रामाशी (पॅरिशशी) जोडलेला ३० खाटांचा वृद्धाश्रम पाडून नव्याने बांधावा, असा शेरा स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये आला आहे. आर्किटेक्टचा अंदाज दीड कोटी. ट्रस्ट स्वतंत्र नोंदलेला, ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी मान्यता) आहे, एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याची नोंदणी) नाही; ती धर्मप्रांताकडे (बिशपांच्या डायोसीसकडे) आहे. मिस्सेनंतर पेटी फिरवायची, नाताळात स्टॉल लावायचे आणि लंडनला गेलेल्या आपल्या मंडळींना आवाहन करायचं, असं चाललंय. आधी काय करावं? कुठे अडकतं?

लेखापाल_वानवडी
पेटीचा विचार सोडा. धर्मादाय ट्रस्टच्या निनावी देणग्या १ लाख किंवा वर्षाच्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतल्या मोठ्या आकड्यापुढे गेल्या की वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. निव्वळ धार्मिक ट्रस्टला ही अट नाही, म्हणून चर्चच्या पेटीला चालतं ते तुम्हाला चालणार नाही. त्याऐवजी पाकिटं वाटा. पाकिटावर नाव, पत्ता आणि ८०जी हवी असेल तर पॅन. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जी नाही, आणि नव्या कररचनेतल्या माणसाला ती सवलतच नाही. तेव्हा वेदीवरून ‘कर वाचेल’ असं सरसकट सांगू नका.

पैसे दोन-तीन वर्षं साठणार, म्हणून ‘इमारतीच्या कॉर्पससाठी’ (राखीव मूळ निधीसाठी) हे देणगीदाराच्या सहीनिशी लिहून घ्या. साधी देणगी असेल तर ८५ टक्के त्याच वर्षी खर्ची पडावी लागते, नाहीतर वेळेत फॉर्म भरून संचय दाखवावा लागतो.

लंडन : भारतीय पासपोर्टवाल्याची देणगी नेहमीच्या खात्यात चालते. पण गोव्याकडचे बरेच जण पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे गेलेत. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं ओळखपत्र) असलं तरी कायद्याने ते परदेशी स्रोतच. धर्मप्रांताच्या एफसीआरए खात्यात घेऊन तुमच्याकडे वळवायची वाटही २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली. आधी पासपोर्टची प्रत मागा, मग खाते क्रमांक द्या.

निधीसमिती
आवाहनाचं पत्रक छापण्याआधी कोष्टक मांडा. २० लाखांचा १, १० लाखांचे ३, ५ लाखांचे ६, १ लाखाचे २० : झाले १ कोटी. उरलेल्यासाठी २०० कुटुंबांनी महिना १,००० रुपये २ वर्षं दिले तर ४८ लाख. वरच्या तीन ओळींतल्या लोकांकडे फादर आणि एक विश्वस्त असे दोघांनी घरी जायचं; निम्मी रक्कम पक्की झाल्याशिवाय जाहीर घोषणा नको. मासिक रक्कम बँकेच्या ई-मँडेटनेच (खात्यातून दरमहा आपोआप कपात) घ्या. घरोघरी वसुलीचा उत्साह पहिल्या पावसात ओसरतो.

वृद्धाश्रम सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक खर्चाच्या) यादीत बसतो, पण त्यासाठी ट्रस्टची सीएसआर-१ ही नोंदणी लागते. विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट धर्मादाय आयुक्तांकडे मंजूर नसेल, तर परिशिष्ट १ च्या (ट्रस्टच्या सरकारी नोंदवहीच्या) उताऱ्यावर जुनीच नावं निघतात आणि कंपनीची फाईल तिथेच थांबते. खोलीवर देणगीदाराची कृतज्ञता-पाटी चालते. कंपनीची जाहिरात केलीत तर जीएसटीचा प्रश्न. स्टॉलवरच्या कुलकुलांच्या (नाताळच्या फराळाच्या) पैशाला देणगीची पावती देता येत नाही, ती विक्री आहे.

आणि इमारतीसाठी मागितलेलं औषध-किराण्यावर खर्चू नका. चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) १२६७ चंही तेच म्हणणं आहे.

साईटवरचा
दीड कोटीत काय धरलंय ते विचारलंत का? कंत्राटावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २७ लाख, आणि ट्रस्टला त्याची वजावट मिळत नाही. १ टक्का कामगार उपकर, महापालिकेचं विकास शुल्क, अनपेक्षित खर्चाला १० टक्के, शिवाय आजी-आजोबांना तोवर ठेवायच्या जागेचं भाडं. हे शेवटचं अंदाजपत्रकात हमखास राहतं. मागायचा आकडा २ कोटींच्या आसपास जाईल.

उतार १:१२ हवा. जोतं ६० सेंमी उंच असेल तर रॅम्प ७.२ मीटर, विसाव्याची जागा वेगळी. नकाशात आत्ताच पाहा, नंतर तिथे पार्किंग आखलेलं सापडतं. जोत्यापर्यंतचं काम जूनआधी उरका, म्हणजे पाया खणून पैशाची वाट पाहत पावसाळ्यात उघडा राहणार नाही.

कॅम्पकर
दोन विश्वस्तांचा चेंज रिपोर्ट खरंच बाकी आहे. दाखल केलाय, मंजुरी नाही.

निधीसमिती
मग या आठवड्यात वकिलाला त्याच्या मागे लावा. तोवर सीएसआर सोडून घरगुती देणगीदारांची यादी करा, आणि कोष्टक २ कोटींचं मांडा.