डॅशकॅमची वायर मस्त लपवली, पण बॅटरी बसतेय! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. पोस्ट लांबलीये, त्याबद्दल आधीच सॉरी.

गाडीत पुढचा-मागचा असा दोन कॅमेऱ्यांचा डॅशकॅम आहे. सुरुवातीला लायटर सॉकेटमध्ये प्लग खुपसून चालवत होतो, पण ती काळी वायर आरशापासून निघून डॅशबोर्डवरून गिअरपर्यंत लोंबायची, तिसरा टाकला की हाताला लागायची, बायको म्हणायची गाडी आहे का आयसीयूतला पेशंट. एक दिवस वायर गिअरच्या दांड्याला अडकली आणि कॅमेरा काचेवरून सुटून थेट मांडीत आला, तेव्हा ठरवलं की आता हे नीट करायचं.

हार्डवायर किट आणलं, म्हणजे कॅमेऱ्याला सॉकेटऐवजी थेट गाडीच्या वायरिंगमधून वीज देणारं. त्याला तीन वायरी, पिवळी कायमच्या बारा व्होल्टला, लाल चावीवर चालू होणाऱ्या लाईनला आणि काळी अर्थला म्हणजे गाडीच्या उघड्या पत्र्याला, असं कागदावर लिहिलं होतं. काचेच्या वरच्या कडेला छताचं कापड जरासं दाबलं की फट पडते, त्यात जुन्या एटीएम कार्डाने वायर ढकलत ढकलत नेली, ते काम फार मजेत झालं. मग ए पिलरचं, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाचं प्लास्टिक काढलं, काढताना कडाड्कन आवाज आला आणि माझं काळीज तिथेच थांबलं, पण नुसती क्लिप निघाली होती. आत पडदा एअरबॅगची घडी दिसली, म्हणून वायर तिच्या पाठीमागून नेऊन कंपनीच्याच वायरिंगच्या जुडग्याला बांधली. तिथून खाली फ्यूज बॉक्समध्ये, दोन फ्यूज टॅप लावून (जुन्या फ्यूजच्या जागी बसून जास्तीची एक लाईन काढून देणारे जोड). बाहेरून बघितलं तर एक इंच वायर दिसत नाही, दोन दिवस येता-जाता गाडीकडे बघून खूश होत होतो.

आता रडगाणं. शुक्रवारी रात्री नऊला लावलेली गाडी सोमवारी सकाळी चालू होईना, चावी फिरवली की नुसतं टक टक टक. शेजाऱ्याकडून जंप स्टार्ट घेतला. म्हटलं बॅटरी जुनी झाली असेल. पुढच्या वीकेंडनंतर पुन्हा तेच. किटमध्ये म्हणे व्होल्टेज कमी झालं की आपोआप बंद होण्याची सोय आहे, मी ती ११.८ वर ठेवलीये, मग बॅटरी बसतेच कशी?

दुसरं, एफएमवर खरखर यायला लागलीये, काही स्टेशनं पार गेली. आणि तिसरं, मागच्या कॅमेऱ्याची वायर डिकीच्या दारात जाईना. छत आणि दार यांच्यामध्ये ती घड्याघड्यांची रबरी नळी असते ना, तिच्यातून घालायला बघतोय तर यूएसबीचं काटकोनी तोंड अडकतं. सध्या दाराच्या रबरावरून तशीच नेलीये.

जाणकारांनी प्लीज सांगा. किट खराब निघालं का?

प्रतिसाद: किट बहुतेक ठीक आहे. लाल वायर कुठल्या फ्यूजवर दिलीये? आणि तो फ्यूज चावी काढल्यावर बंद होतो हे मोजून बघितलंत, की चावी लावली, बारा व्होल्ट आले, चला झालं?

मूळ पोस्टकर्ता: 😅 दुसरंच. मल्टीमीटरने चावी लावून बघितलं, १२ च्या वर दाखवलं, दिली जोडून. चावी काढून बघायचं सुचलंच नाही, खोटं कशाला बोलू.

प्रतिसाद: मग तिथेच घोळ आहे. लाल वायरीला वीज मिळत राहिली की कॅमेऱ्याला वाटतं गाडी चालू आहे, तो पार्किंग मोडमध्ये (उभ्या गाडीत कमी विजेवर राखण करणं) जातच नाही, रात्रभर फुल रेकॉर्डिंग करतो. आणि बऱ्याच किटमध्ये ते कमी व्होल्टेजला बंद होणं लाल वायर मेल्यावरच कामाला लागतं. म्हणजे तुमचं ११.८ नुसतं शोभेला.

हिशोब करा, दोन कॅमेरे मिळून साधारण ५ वॅट खातात, बारा व्होल्टवर ०.४ अँपिअर. शुक्रवार रात्री नऊ ते सोमवार सकाळी आठ म्हणजे ५९ तास, जवळजवळ २४ अँपिअर-तास गेले. ४५ ची बॅटरी असेल तर अर्ध्याहून जास्त रिकामी, वर गाडीचा स्वतःचा खर्च वेगळा, आणि रोजचं रनिंग दहा-पंधरा मिनिटांचं असेल तर ती आधीच कुठे पूर्ण भरलेली होती.

बाय द वे ११.८ ही सेटिंग मला कधीच पटली नाही. उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६-१२.७ दाखवते, १२.२ ला अर्धी झालेली असते, ११.८-११.९ म्हणजे तळ. तळाला गेल्यावर बंद करून काय उपयोग? १२.२ किंवा १२.४ ठेवा. पार्किंगचं रेकॉर्डिंग कमी मिळेल, पण सकाळी गाडी चालू होईल.

दुसरा प्रतिसाद: वरच्या साहेबांशी सहमत, फक्त मोजताना एक काळजी घ्या. आजकालच्या गाड्यांत चावी काढल्यावर काही लाईनी लगेच मरत नाहीत, गाडी लॉक केल्यावर दहा मिनिटं, कधी अर्धा तास जिवंत राहतात, आणि तुम्ही दार उघडून मीटर लावायला गेलात की गाडी पुन्हा जागी होते. त्यावर जुगाड असा, दार उघडंच ठेवायचं आणि दाराच्या लॅचला स्क्रूड्रायव्हरने ढकलून बंद स्थितीत आणायचं, गाडीला वाटतं दार लागलं. मग लॉक करून चहा पिऊन या आणि मोजा. नंतर बाहेरचं हँडल ओढून लॅच मोकळं करायला विसरू नका, नाहीतर दार आपटाल आणि लॅच वाकेल. मी आपटलंय, म्हणून सांगतोय.

अजून एक, फ्यूज टॅपला उलट-सुलट असतं. फ्यूज काढल्यावर दोन खाचांपैकी एकीतच वीज येते, टॅपमधला दोन्ही फ्यूजना मिळालेला पाय त्या खाचेत गेला पाहिजे. उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, म्हणून कळत नाही, पण मग कॅमेऱ्याचाही लोड जुन्या फ्यूजमधूनच जातो. आणि एअरबॅग, एबीएस, इंजिनचं ईसीयू यांच्या फ्यूजना हात लावू नका, लायटर सॉकेट, मागचा वायपर असलं काहीतरी बघा. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह काढली होतीत ना? पिलरमध्ये एअरबॅग आहे म्हणून विचारतोय.

तिसरा प्रतिसाद: डिकीच्या रबरावरून वायर नेऊ नका भाऊ. दर वेळी दार लावताना चेमटते, एक दिवस तुटते, आणि रबर नीट न बसल्यामुळे पावसाचं पाणी आत येतं ते वेगळंच.

नळीची दोन्ही टोकं आधी सोडवून घ्या, हाताने दाबून बाहेर येतात. मग नळी सरळ ताणून धरा, आत भांड्यांच्या साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे मारा, आणि एक कडक तार घालून लेंग्यात नाडी ओवतात तसं ओवायचं. तारेला वायर टेपने बांधताना टोक निमुळतं करा, जाडसर गाठ केलीत की पहिल्याच घडीला अडकणार. आणि काटकोनी तोंड कशाला घालताय, वायरीचं दुसरं टोक बघा ना, बऱ्याच मागच्या कॅमेऱ्यांना हेडफोनसारखी गोल बारीक पिन असते, तिकडून ओवा. दार पूर्ण वर करून वायर किती ओढली जाते ते बघूनच ढील ठेवा.

साधी पीव्हीसी टेप वापरली असेल तर काढा, उन्हाने तिचा गोंद वितळतो आणि सगळं चिकट होतं. वायरिंगची कापडी टेप घ्या, ती खडखडही करत नाही.

मूळ पोस्टकर्ता: मंडळी, काल अख्खा रविवार गाडीत उताणा पडून होतो, मान अजून आखडलीये, पण रिपोर्ट देतो.

लॅचचा जुगाड केला. लॉक करून पाऊण तासाने मोजलं तर माझ्या लाडक्या फ्यूजवर १२.३! मग एकेक करत चार फ्यूज तपासले आणि शेवटी चावी काढल्या काढल्या शून्य होणारा कुठला सापडला, तर लायटर सॉकेटचा. म्हणजे ज्या सॉकेटमधून वायर काढायची म्हणून एवढा खटाटोप केला, फिरून त्याच्याच फ्यूजवर आलो. टॅपही एक उलटा होता, तो फिरवला. सेटिंग १२.४ वर नेली. आता चावी काढली की कॅमेरा टुंग करतो आणि स्क्रीनवर छोटा पी येतो, आजवर हा पी बघितलाच नव्हता मी. आज सकाळी बॅटरी १२.५.

अर्थ पण बघितलं. काळी वायर ज्या बोल्टला लावली होती त्याखाली रंग होता, पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला आणि परत कसली. आणि हो, निगेटिव्ह पहिल्या वेळी काढली नव्हती, यावेळी काढली. ओरडू नका.

एफएमसाठी एकाने मेसेज करून मस्त युक्ती सांगितली, की कॅमेरा किटवरून काढून पॉवर बँकेवर लावून बघा. लावला तर खरखर गायब, म्हणजे कॅमेरा निर्दोष, बाराचे पाच व्होल्ट करणारी किटची डबी गुन्हेगार. मी ती पिलरच्या आत कोंबली होती आणि बाजूनेच अँटेनाची वायर वर छताकडे जाते. डबी खाली डॅशच्या मागे आणली, वायरीवर खरखर अडवणारी फेराइटची चिमट्यासारखी रिंग लावली, खरखर बरीच कमी झाली. दोन स्टेशनं अजून कुरकुरतात, चालेल.

नळीतून वायर गेली. गोल पिनवालं टोक, साबणाचं पाणी आणि सायकलच्या ब्रेकची जुनी केबल. तरी चाळीस मिनिटं लागली, शेवटच्या घडीतून टोक बाहेर डोकावलं तेव्हा इतक्या जोरात ओरडलो की शेजारी पुन्हा जंपर केबल घेऊन आला.

आता फक्त एकच राहिलंय. मागचा कॅमेरा मी काचेला वरून उलटा टांगलाय, त्यामुळे मागच्या सगळ्या गाड्या स्क्रीनवर आभाळात चाकं करून येताना दिसतायत. मेनूमध्ये मिरर आहे पण त्याने नुसतं डावं-उजवं होतं. वर-खाली फिरवायचं कुठे असतं कुणाला माहितीये का? चिकटपट्टी काढून परत लावायची हिंमत नाही आता.