लॅब रिपोर्टच्या आधी सैन्याला रोगाची साथ कशी कळते?

मेघा_एमपीएच: अमेरिकन सैन्याच्या एसेन्स सिस्टिमबद्दल वाचतेय. १९९९ ला वॉशिंग्टनच्या आसपासच्या लष्करी दवाखान्यांत सुरू झाली, २००१ च्या अमेरिकेवरच्या हल्ल्यांनंतर जगभरच्या त्यांच्या दवाखान्यांत नेली. लॅबच्या आधी साथ ओळखते म्हणे, ते कसं? आणि खरंच उपयोग होतो का?

साथरोग_वाला: ती पक्क्या निदानासाठी थांबतच नाही. ओपीडीत डॉक्टर पेशंटला जो आयसीडी कोड (आजाराचा ठरलेला सांकेतिक क्रमांक) टाकतात तो रोज गोळा होतो आणि त्याचे गट पडतात, श्वसनाचे, जुलाब-उलट्या, ताप, पुरळ वगैरे, मग एरवी त्या दवाखान्यात जेवढे येतात त्यापेक्षा बरेच जास्त दिसले की अलर्ट. सोमवारची गर्दी पण हिशेबात धरावी लागते, नाहीतर दर आठवड्याला घंटा वाजेल. पण अलर्ट म्हणजे साथ नव्हे गं, पुष्कळ वेळा काहीच नसतं, कुणीतरी फोन करून चौकशी करायची, नमुने घ्यायचे, तेव्हा कळतं. तो माणूस नेमलेला नसेल तर सिस्टिम असून नसल्यासारखी.

निशा_कोल्हापूर: आणि जो दवाखान्यात आलाच नाही तो कसा दिसणार? मार्च २०२० मधली थिओडोर रूझवेल्ट ही विमानवाहू नौका बघ. ४,७७९ जणांपैकी १,२७१ जणांना कोरोना निघाला, एकाचा जीव गेला, आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली तेव्हा तीन चतुर्थांशाहून जास्त जणांना काही लक्षणच नव्हतं! तिथे कोड मोजून भागत नाही, सरसकट टेस्टिंगच लागतं.

मेघा_एमपीएच: हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे लवकर कळलं की काम झालं असं नाही?

साथरोग_वाला: अजिबात नाही, मला तर कळल्यावर काय केलं हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. अमेरिकन सैन्यात नवीन भरती झालेल्या पोरांना बराकीत अ‍ॅडेनोव्हायरस या विषाणूचा ताप यायचा म्हणून १९७१ पासून लसीच्या गोळ्या द्यायचे, त्या विषाणूच्या प्रकार ४ आणि ७ वरच्या. बनवणाऱ्या एकमेव कंपनीने १९९६ ला उत्पादन थांबवलं, १९९९ पर्यंत साठा संपला आणि ताप परत सुरू. सॅन दिएगोची नौदलाची लॅब ट्रेनिंग कॅम्पमधले नमुने तपासत होती, आकडे सगळ्यांसमोर होते, तरी लस परत यायला २०११ उजाडलं. ती आल्यावर केसेस झपाट्याने खाली आल्या. मधली सगळी वर्षं पोरं आजारी पडत होती, काही दगावली सुद्धा.