'रिले'ला मराठीत काय म्हणावं?

चुळबुळ्या:
घरच्या जुन्या लॅपटॉपवर पोस्टफिक्स (मेल पाठवणारं सॉफ्टवेअर) बसवलंय. २५ नंबरचं पोर्ट (मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट) इंटरनेटवाल्याने बंद ठेवलंय, म्हणून बाहेर जाणारी मेल ५८७ वरून, पासवर्ड देऊन, एका भाड्याच्या सर्व्हरकडे सोपवतो. तो ती पुढे धाडतो. भावासाठी हे मराठीत लिहून काढताना 'रिले'पाशी अडलोय. 'पुनःप्रेषण' लिहिलं तर बायको म्हणे, "एकदा गेलेली परत कशाला पाठवायची?"

पेठकरीण:
आकाशवाणीचं 'सहक्षेपण' आहे की!

चुळबुळ्या:
ते त्याच क्षणी ऐकू येतं हो. इथे पुढच्याने उचलली नाही तर मेल रांगेत पडून राहते. पोस्टफिक्स पाच दिवस वाट बघतं.

बारनिशीवाला:
३१ वर्षं आवक-जावक सांभाळली. आधी 'बाहेर जाणारी' खोडून 'जावक' लिहा. रिले म्हणजे 'टप्पा'. हरकारे बदलायचे ती जागा. टपाल हा शब्दच टप्प्यावरून आलाय.

कडू कारलं:
ही व्युत्पत्ती तुमच्या बारनिशीतली का? हॉब्सन-जॉब्सन या जुन्या अँग्लो-इंडियन शब्दकोशात टपालाचं मूळ अस्पष्ट म्हटलंय, आणि ब्राउन या तेलुगू कोशकाराच्या हवाल्याने फ्रेंच 'एताप'कडे (म्हणजे मुक्काम, टप्पा) बोट दाखवलंय.

बारनिशीवाला:
साहेबाला कळलं नाही म्हणून टप्पा फ्रेंच?

पेठकरीण:
बरं, 'साखळी' घ्या. रिले उपोषणाला साखळी उपोषणच म्हणतो आपण.

कडू कारलं:
तिथे एक उठला की दुसरा बसतो. हातातून हातात काही जात नाही, पोटातही. 'रिले'च ठेवा. बटण आणि टेबल कुणाला खुपत नाहीत, हाच का खुपतो?

पेठकरीण:
आणि 'ओपन रिले'ला, म्हणजे कुणाचीही मेल न विचारता पुढे धाडणाऱ्या सर्व्हरला, काय म्हणाल?

बारनिशीवाला:
कोणीही यावे, टिकली मारून जावे! स्पॅमवाले तेच तर करतात.

कडू कारलं:
चुळबुळ्या, टीएलएसची (वाटेत मेल कुलूपबंद ठेवण्याची) सेटिंग 'मे' (जमलं तर) आहे की 'एन्क्रिप्ट' (सक्तीने)? 'मे' असेल आणि समोरच्याने टीएलएस देऊ केलं नाही, तर मेल उघडीच जाते. मग भावाच्या टिपणाच्या मथळ्यात 'सुरक्षित' लिहू नका.

चुळबुळ्या:
'मे' होतं. बदललं. पण शब्द?

बारनिशीवाला:
शब्द राहू द्या. मेल 'ती' कधीपासून झाली? ती रेल्वेची. आमच्याकडे ईमेल 'तो'च येतो.

पेठकरीण:
आमच्याकडे 'ती' येते. चिठ्ठी ती, म्हणून मेल ती.

बारनिशीवाला:
आणि कागद तो, त्याचं काय?