'फेल्ड टू अपीअर' म्हणजे फरार? न आलेला प्रत्येक माणूस पळालेला नसतो

शब्दमुळे:
मी कोर्टाच्या इंग्रजी कागदांचा मराठी अनुवाद करते. मागच्या महिन्यात एक जुना गठ्ठा तपासायला आला. इंग्रजीत होतं, आरोपी 'फेल्ड टू अपीअर'. आधीच्या अनुवादात होतं, 'आरोपी फरार झाला'. दोन पानं उलटली तर त्याच तारखेला तो इस्पितळात दाखल झाल्याचा कागद. माणूस खाटेवर पडून आणि मराठीत फरार! त्या दिवशी मला दुसरं काम सुचलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. गैरहजेरीसाठीचे इंग्रजीतले भारदस्त शब्द न आलेल्या माणसाला आधीच दोषी ठरवतात. 'अ‍ॅब्स्कॉन्ड' म्हणजे फरार होणे, त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं 'लपवणे' आहे. 'कॉन्ट्युमसी' म्हणजे बोलावणं पोचूनही हट्टाने न जाणं. 'डिफॉल्ट'च्या पोटातही 'कमी पडणे, चुकणे' आहेच. आणि याच भाषेत एके काळी 'एसॉइन' असा शब्द होता! मध्ययुगीन इंग्लंडमध्ये कोर्टात न येण्याची रीतसर सबब म्हणजे एसॉइन. वाटेत अडचण आली, समुद्रापलीकडे आहे, राजाच्या कामावर आहे, प्रत्येकाला वेगळं नाव. अंथरुणाला खिळल्याची सबब दिली तर खरंखोटं बघायला चार सरदार ('नाइट') त्या घरी जात. सबबीचे शब्द मेले, ठपक्याचे तेवढे उरले. ते काढून सरळ 'आला नाही' लिहावं.

कलमवाचक:
पूर्ण असहमत. चूक अनुवादकाची आणि शिक्षा शब्दाला? 'फेल्ड टू अपीअर' हा तर या सगळ्यांत सौम्य. हजर राहायचं होतं, राहिला नाही, एवढंच तो सांगतो. दिवाणी दाव्यात प्रतिवादीने उत्तरच दिलं नाही तर 'डिफॉल्ट जजमेंट', म्हणजे एकतर्फी निकाल होतो, त्यात त्याच्या चारित्र्यावर कुणी बोट ठेवत नाही. 'अ‍ॅब्स्कॉन्ड'मध्ये मात्र हेतू आला, 'कॉन्ट्युमसी'त उघड अवज्ञा आली. ही उतरंड मोडून सगळ्यांना 'आला नाही' म्हणालात, तर तुमचा खाटेवरचा माणूस आणि जामिनावर सुटून देश सोडून गेलेला, दोघे एकाच ओळीत बसतील. त्यात नुकसान खाटेवरच्याचंच आहे.

आणि एसॉइन मेला तरी त्यामागचा विचार मेलेला नाही. इंग्लंडच्या जामिनाबद्दलच्या १९७६च्या बेल अ‍ॅक्टमधलं कलम ६ बघा. 'रीझनेबल कॉज', म्हणजे सबळ कारण नसताना हजर झाला नाही, तरच गुन्हा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातही 'नोइंगली', म्हणजे जाणूनबुजून न येणं लागतं, आणि आवाक्याबाहेरच्या परिस्थितीचा बचाव घेता येतो.

शब्दमुळे:
कलम ६ काढलंत हे बरं केलंत. त्याचं शीर्षक वाचा: 'अ‍ॅब्स्कॉन्डिंग'चा गुन्हा. खालच्या मजकुरात लपण्याचा, पळण्याचा मागमूस नाही. सबळ कारणाशिवाय तारीख चुकली की झालं 'अ‍ॅब्स्कॉन्डिंग'. म्हणजे तुमची ती उतरंड खुद्द कायद्यानेच पाळलेली नाही. शिवाय कारण सबळ होतं हे सिद्ध करायचं कुणी? आरोपीनेच. हजर होण्याला तिथे शब्द आहे 'सरेंडर टू कस्टडी'. ठरल्या वेळी कोर्टात जाऊन उभं राहणं, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ. ऐकणाऱ्याला वाटेल हात वर करून शरण जायचंय.

कलमवाचक:
शीर्षकाचा मुद्दा मान्य, तिथे शब्द सैल वापरलाय. बाकी नाही. आपण का आलो नाही हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं, तर सांगायचं दुसऱ्या कुणी? आणि त्याच कलमात पुढे आहे की कारण सबळ असलं तरी ते सरल्यावर शक्य तितक्या लवकर हजर व्हायला हवं. इस्पितळातून सुटल्यावर महिनाभर घरी बसलेल्याला तुम्ही काय म्हणाल? 'आला नाही'मध्ये हा फरक कुठे दाखवाल?

मोकळं_पान:
तुम्ही दोघं कोर्टाच्या आतल्या कागदावर भांडताय. ज्याला बोलावलंय त्याच्या हातातल्या कागदाचं काय? न्यूयॉर्क शहरात किरकोळ गुन्ह्यांसाठी जे समन्स देत, त्याच्या माथ्यावर 'कंप्लेंट/इन्फर्मेशन' असं छापलेलं असे. कोर्टात जायचंय हे त्यातून कुणाला कळणार? नव्या नमुन्यात माथ्यावरच लिहिलं की हे कोर्टात हजर राहण्याचं तिकीट आहे, तारीख वर घेतली, न आल्यास वॉरंट निघेल हे ठळक केलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्याने गैरहजेरी १३ टक्क्यांनी घटली, मोबाइलवर आठवणीचे संदेश पाठवल्यावर २१ टक्क्यांनी. म्हणजे यातले बरेच जण पळालेले नव्हतेच, त्यांना नीट कळलं नव्हतं किंवा विसरले होते. मी शब्दमुळे यांच्या बाजूने.

धातुपाठ:
सोपं करताना धार जाते, त्याचंही बोला. साक्षीला बोलावणारा हुकूम 'सबपीना', म्हणजे शब्दशः 'दंडाच्या धाकाखाली'. न येण्याचा परिणाम त्या नावातच होता. १९९९च्या नव्या दिवाणी नियमांनी इंग्लंडमध्ये त्याचं 'विटनेस समन्स' केलं. आता ते साधं बोलावणं वाटतं, आणि न गेल्यास होणारी शिक्षा मात्र टळलेली नाही. मला हा बदल अजूनही खटकतो.

मोकळं_पान:
धाक लॅटिन येणाऱ्यालाच कळणार असेल तर तो धाक कसला? 'आला नाहीत तर शिक्षा होऊ शकते' असं सरळ छापा.

शब्दमुळे:
कलमवाचक, महिनाभर घरी बसलेल्याचं तुमचं उदाहरण मला अडलं, हे कबूल करते. त्याच्यासाठी वेगळा शब्द लागेल आणि 'आला नाही' पुरणार नाही. सगळेच जुने शब्द काढा, हे मी मागे घेते. पण जिथे कारण अजून तपासलेलंच नाही, तिथे हेतू चिकटवणारा शब्द नको, यावर ठाम आहे. त्या गठ्ठ्यात मी 'आरोपी नेमल्या तारखेस हजर राहिला नाही' असं केलंय.

कलमवाचक:
ते वाक्य बरोबर आहे, मीही तेच लिहिलं असतं. पण पुढच्या कुठल्या पानावर न्यायाधीशांनीच 'अ‍ॅब्स्कॉन्डेड' लिहिलं असेल, तर तिथे 'फरार'च ठेवा. इस्पितळाचा कागद तुम्हाला दिसला म्हणून तो शब्द सौम्य करायचा अधिकार अनुवादकाला नाही.

शब्दमुळे:
तसं एक पान आहे. 'फरार'च ठेवलंय. सोबत वकिलांना चिठ्ठी लिहिली की इस्पितळाचा कागद अमुक पानावर आहे, तो कोर्टापुढे आला होता का ते बघा.