‘विहिरीचं मत’ वाचून काय वाटलं, इथे लिहा

बी-३०२ : आपल्या सोसायटीच्या गणपतीच्या हस्तलिखित अंकातली ‘विहिरीचं मत’ ही कथा वाचलेल्यांनी जरूर लिहा. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. दुष्काळात गावची विहीर बोलायला लागते. एकच वाक्य, ‘मला विचारलं का?’ मग ग्रामसभा बसते आणि विहिरीला मत द्यायचं का, यावर तीन दिवस वाद चालतो. कथा विनानावाची आलीय. मला फार म्हणजे फार आवडली.

ए-१०४ : मला नाही पटली वहिनी. विहीर बोलली, ठीक. पण तलाठी सातबारावर तिचं नाव मालक म्हणून चढवतो? असं कुठल्या गावात होईल?

सी-२०१ : मी ३१ वर्षं महसूल खात्यात काढली आणि मला नेमकी तीच जागा सगळ्यात खरी वाटली. देवस्थान इनामाचे, म्हणजे देवाला दिलेल्या जमिनींचे सातबारे बघा, भोगवटादार, म्हणजे जमीनधारक म्हणून देवाचं नाव असतं. कायद्याच्या लेखी देव ही व्यक्ती आहे, त्याच्या नावाने जमीन असते, दावाही चालतो. ‘खंडोबाचं नाव चालतं तर हिचं का नाही?’ असं कथेतली म्हातारी विचारते, तिथे मी वही मिटून थोडा वेळ बसून राहिलो. शिवाय विहिरीची नोंद सातबारावर आजही असते, गाव नमुना बारात, जलसिंचनाचं साधन म्हणून. लेखकाने तिला खालच्या भागातून वरच्या भागात आणलं, इतकंच.
एक मात्र राहिलं. नाव असं थेट चढत नाही. आधी फेरफार, म्हणजे बदलाची नोंद, मग नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकतीचा प्रसंग हवाच होता. कथेत बोअर मारणाऱ्या सरपंचाच्या मेव्हण्याने हरकत घेतली असती आणि त्याची बाजूही कळली असती.

डी-४०३ : काकांच्या मुद्द्याला जोडून. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना या कायद्याने व्यक्ती आहेत असा निकाल दिला होता. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. न्यूझीलंडमध्ये त्याच वर्षी वांगानुई नदीसाठी संसदेने तसा कायदाच केला. तेव्हा कथा हवेतली नाही.

ए-१०४ : देवस्थानचं पटलं काका, हे मला माहीत नव्हतं. पण विहिरीला आवाज कुठून आला? कारण नको का द्यायला?

सी-१०२ : कारण दिलंय दादा, पुन्हा वाचा. सरपंचाच्या मेव्हण्याची बोअर ८०० फुटांवर जाते, त्याच रात्री विहीर पहिल्यांदा बोलते. मी भूजलाच्या कामात गावोगाव फिरलेय. आपल्याकडे काळा बसाल्ट. पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये. खोल गेलं की बहुतेक ठिकाणी कोरडा पाषाण. म्हणून तर राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे २०० फुटांची मर्यादा आहे. शेजारी बोअर मारताना कॉम्प्रेसरची हवा भेगांमधून शिरते आणि जुन्या विहिरीचं पाणी खळखळायला लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काठावरची माणसं गप्प होतात. लेखकाने ते कुठेतरी पाहिलं असणार, नाहीतर ‘पाणी घोगऱ्या गळ्याने बोललं’ हे सुचत नाही.

ए-१०४ : हे वाचून अंगावर काटा आला ताई. आज रात्री परत वाचतो.

ई-३०१ : आजी सांगतेय, मी टाइप करतोय. आजीला काल पूर्ण वाचून दाखवली. ती म्हणते, आड वेगळा आणि विहीर वेगळी. आडावर हाताने ओढायचा पोहरा, विहिरीवर बैलांनी ओढायची मोट. कथेत दोन्हींची सरमिसळ झालीय. मोटेला दोर एक नसतो, दोन असतात, नाडा आणि सोंदूर. सोंदूर ढिला पडला तर पाणी थारोळ्यापर्यंत, म्हणजे मोट रिकामी होते त्या कुंडापर्यंत पोचतच नाही.
अजून सांगतेय, थांबा.
आजी म्हणते, विहिरीला एक मत कसं? तिच्यात साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवी असतात. तिच्या माहेरच्या विहिरीच्या कडेला शेंदूर लावलेले सात दगड होते, पहिलं पाणी काढायच्या आधी हात जोडायचे. मतं सात हवीत.

सी-२०१ : आजी, सात मतं! ग्रामसभेचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १००, जे कमी असेल ते. छोट्या वस्तीत सात जणी आल्या तर सभेचा रंगच बदलेल.

बी-३०२ : आजींना नमस्कार सांग रे. ज्यांनी लिहिलंय त्यांनी नाव सांगायला लाजू नये. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली होती. बक्षीस मिळालं तेव्हा कळलंच की सगळ्यांना.

डी-१०२ : कथा माझी आहे. सकाळपासून वाचतेय, हात थरथरताहेत. ती विहीर माझ्या मामाच्या गावची, गेल्या वर्षी बुजवली. मोट मी कधी पाहिली नाही, ऐकून लिहिली, म्हणून दोर चुकला. काका, हरकतीचा प्रसंग लिहायला घेते. आजी, रविवारी तुमच्याकडे येऊ का? आसरांचं सगळं सांगाल?

ई-३०१ : आजी म्हणते ये, पण नऊच्या आत. नऊला पाणी येतं, मग भरायची गडबड असते.