वजन उतरलं, पण टिकलं का? इंदूरकरांनो, लिहा

रामबागकर
वजन कमी करायचे उपाय आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहेत. पंगतीत गुलाबजाम वाढता वाढता लोक ते सांगतात. मला ते नकोत. ज्यांचं वजन उतरलं आणि निदान वर्षभर तिथेच राहिलं, त्यांनी ताटात नेमकं काय बदललं ते लिहावं. ज्यांचं परत वाढलं त्यांनी तर आधी लिहावं. आणि गाव इंदूर आहे हे विसरू नका. इथे सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याची मांडतात.

माझं थोडक्यात: 74 किलोंवरून 66, अडीच वर्षं झाली. मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवणं सोडलं, बस. अर्धी पोळी, दोन घास भात, वाटीच्या तळाशी राहिलेली खीर, "वाया कशाला घालवायचं" म्हणून रोज माझ्या पोटात जायचं. आता त्यांनाच आधी कमी वाढते.

सेवसंन्यासी
बँकेतून निवृत्त, मुक्काम राजेंद्रनगर. 91 होतो, 79 झालो. चौदा महिने लागले, आता तिसरं वर्ष.

पोह्यांना उगाच बदनाम करतात. आपले पोहे भगोन्यावर वाफेत ठेवलेले, तेल बेताचं. घोळ वरून होतो. एकदा बांधून आणलेल्या पोह्यांवरची सेव वेगळी करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, 30 ग्रॅम भरली. शंभर ग्रॅमला साधारण साडेपाचशे कॅलरी धरा, म्हणजे नुसत्या भुरभुरण्याचे दीडशेच्या वर. जिलबी वेगळी. ही झाली सकाळ. मग वरणावर सेव, सेव-टमाटर, चहाबरोबर लौंग सेव, रात्री टीव्हीसमोर मूठभर. आमच्या टेबलावर मिठाची बरणी नसेल एक वेळ, सेवेची असायचीच.

बरणी काढून टाकली. आता दर रविवारी शंभर ग्रॅमची पुडी आणतो, दोघांत. संपली की संपली. पोहेवाला अजून विश्वास न बसल्यासारखा विचारतो, "भिया, सेंव नी डालूँ?" जीरावन मसाला मात्र दुप्पट घालून घेतो. थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, दोनदा खातो आणि त्याबद्दल कुणाचं काही ऐकून घेत नाही.

गुरुवारवाली
गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. महिन्यात सात-आठ उपास, आणि वजन वाढतच होतं. सगळ्यात जड मी उपासालाच खात होते हे कळायला वीस वर्षं लागली. साबुदाणा म्हणजे कंदाचा निव्वळ स्टार्च, प्रथिनं जवळजवळ नाहीतच. त्यात बटाटा, दाण्याचं कूट, तूप. वर इंदुरी पद्धतीने फराळी मिक्श्चर. दोन तासांत परत भूक, मग राजगिऱ्याचा लाडू.

डॉक्टरीणबाईंनी काट्याआधी टेप घेतली. आपल्याकडच्या बायकांची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत हवी म्हणाल्या, पुरुषांची 90 च्या. माझी 94. उपास सोडले नाहीत. आता वाटीभर भगर, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक. खिचडी फक्त आषाढी आणि महाशिवरात्रीला. कंबर 85, वजन सात किलो कमी, दोन वर्षं तेवढंच. सासूबाईंना अजून वाटतं मला अशक्तपणा आलाय.

पुन्हा शून्यातून
परत वाढलेला मी. लिहितो.

2018 साली बहिणीच्या लग्नाआधी 88 वरून 72 वर आलो. चार महिन्यांत! सूप, काकडी, उकडलेल्या भाज्या. पहिल्याच आठवड्यात तीन किलो गेले तेव्हा मी पेढे वाटायचा बाकी होतो. ते पाणी होतं. शरीरात साठवलेली साखर आपल्याबरोबर पाणी धरून असते. साठा संपला की पाणीही जातं. पुढे स्नायूही झिजले असणार, कारण जिना चढताना पाय थरथरायचे. केस गळाले. लग्नात सगळे म्हणाले, "काय झालंय रे तुला?"

पुढच्या दिवाळीला 91. म्हणजे होतो त्याहून तीन जास्त.

लाज वाटली म्हणून वाचायला लागलो. शरीर लहान झालं की त्याला इंधन कमी लागतं, भूक मात्र वाढलेली असते. म्हणजे "उतरलं, आता पूर्वीसारखं जेवू" हे गणित जमतच नाही. अमेरिकेत 1994 पासून अशा लोकांची नोंद ठेवतात, ज्यांनी साडेतेरा किलोंच्या वर वजन उतरवून वर्षभर टिकवलं. त्यातले बहुतेक सकाळची न्याहारी करतात, आठवड्यातून एकदा तरी वजन बघतात आणि रोज तासाभराच्या चालण्याइतके हालतात. वाचून निराशाच झाली, इतकं साधं.

दुसऱ्या खेपेला ताट उलटं केलं. आधी चार पोळ्या, भाताचा डोंगर आणि चमचाभर भाजी. आता दोन पोळ्या, भाजी दोन वाट्या, घट्ट वरण किंवा उसळ, दही. तेच रात्री आठच्या आत. दालबाफले (वरण आणि कणकेचे उकडून भाजलेले गोळे) असले की एकच बाफला, तुपात बुडवलेला नाही, वरून चमचाभर. पंधरा किलो जायला दोन वर्षं लागली. रविवारी सकाळी काट्यावर उभा राहतो. 77 दिसले की गोड बंद, परत खाली येईपर्यंत. हल्ली 75-76 मध्ये असतो. 72 चा हट्ट सोडला.

सुदामानगरच्या आजी
नातीने सांगितलं लिही म्हणून. मी कॅलरी मोजत नाही, तेलाचा डबा मोजते. चार माणसांत 15 लिटरचा डबा तीन महिने जायचा. आता डबा फोडला की वर तारीख लिहिते. मागचा पाच महिने पुरला. पळीऐवजी चमच्याने तेल घालते आणि तळण फक्त सणाला. भजी मागितली तर भुट्ट्याचा कीस करते, तो दुधात शिजतो, फोडणीपुरतंच तेल. मुलाचं सहा किलो उतरलं. त्याला अजून कारण माहीत नाही, तो चालण्याला श्रेय देतो. देऊ दे.

काळजीपोटी
एक सांगू का? डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच, 55-55 मिनिटांत जेवून बऱ्याच जणांचं वजन उतरलेलं मी पाहिलंय. पण मी मधुमेहाची गोळी घेत होतो आणि कुणाला न विचारता न्याहारी सोडली. नेहरू पार्कात चालताना घाम फुटला, हात कापायला लागले. साखर 58. एका अनोळखी बाईंनी पर्समधलं चॉकलेट दिलं. डॉक्टरांनी आधी गोळी कमी केली, मग जेवणाच्या वेळा बदलल्या. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हाच क्रम ठेवा.

हॉस्टेलवाली
पुण्याहून इथे शिकायला आले आणि वर्षात नऊ किलो. रात्री अकराला सराफा, कारण मेसची भाजी खाववत नव्हती. उपाय खोलीतच निघाला: भाजलेले चणे आणि दही ठेवते, आठला पोट भरते. सराफ्यात जाते अजून, पण भरल्या पोटी. पाच उतरले. वर्ष झालेलं नाही, सात महिनेच. चालेल ना ताई?

रामबागकर
चालेल गं. पाच महिन्यांनी परत येऊन आकडा लिही. आणि सेवसंन्यासी काका, तुमचं वाचून आमच्या घरची बरणी काट्यावर ठेवली. रिकामी वजा जाता 640 ग्रॅम. आठवड्याची होती.